रोमन नाणी जरूर जमवा, पण मातीने माखलेले लॉट घेणं बंद करा

प्राचीन रोमन नाण्यांचा विषय निघाला की भांडण ठरलेलं, आणि ते दरवेळी त्याच त्या वळणाने जातं. पुरातत्त्ववाले म्हणणार की खासगी संग्राहक विकत घेतात म्हणून चोरटे खणतात, सगळी नाणी म्युझियममध्ये जमा करा. संग्राहक म्हणणार की म्युझियमच्या तळघरात आधीच ढिगाने नाणी पडून आहेत, त्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, आम्ही निदान जिवापाड जपतो तरी. आणि नाणी साफ करायची हौस असलेली मंडळी या दोघांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचा वाद तिसराच, ऑलिव्ह ऑइल चांगलं की डिस्टिल्ड वॉटर, पितळी ब्रश चालेल का, इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून पूट काढणं) करावं का. हे तिन्ही वाद मी बरीच वर्षं ऐकतोय आणि मला मनापासून वाटतं की तिन्ही मूळ मुद्द्याला वळसा घालून चाललेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाणी जमवायला माझा अजिबात विरोध नाही, मी इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या कॉइन क्लबला नेमाने जातो आणि माझ्याकडेही रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातली थोडी ब्राँझची नाणी आहेत. पण 'अनक्लीन्ड' म्हणून पन्नास-पन्नास, शंभर-शंभरच्या लॉटमध्ये जी मातीसकट नाणी विकली जातात आणि ती कुठून निघाली याचा कसलाही पत्ता नसतो, तो बाजार बंद व्हायला हवा. आणि कायदा होईल तेव्हा होईल, त्याआधी आपण संग्राहकांनीच ते लॉट घेणं थांबवायला हवं. नाणं कोणाच्या मालकीचं यावर दोन्ही बाजू इतकी वर्षं घसा कोरडा करतायत, पण नाणं पुसलं जाण्याआधी त्याची नोंद झाली का, हे कोणी विचारतच नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या लॉटमधली बहुतेक नाणी चौथ्या शतकातली, १५ ते १८ मिलिमीटरची, तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणजे रोमन साम्राज्याची अगदी रोजच्या बाजारातली चिल्लर. मोठा माल येतो तो डॅन्यूब नदीच्या आसपासच्या बाल्कन देशांतून, कारण तिथे सरहद्दीवर रोमन फौजा होत्या आणि फौजेचा पगार म्हटला की नाणी आलीच. घरी आणल्यावर ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालायची, पाणी गढूळ झालं की बदलायचं, हे आठवडेच्या आठवडे चालतं. मग भिंगाखाली धरून बांबूच्या टोकदार काडीने किंवा सुईने कणाकणाने माती उडवायची. आधी काहीच दिसत नाही, नुसता हिरवट तपकिरी गोळा असतो, मग कडेला एखादं अक्षर, मग मोत्यांची माळ गुंफलेला मुकुट, मग सम्राटाची हनुवटी. उलट्या बाजूला दोन शिपाई आणि त्यांच्या मधे निशाण, आणि त्याखाली टांकसाळीची दोन-चार अक्षरं, त्यावरून कळतं की हे नाणं आजच्या क्रोएशियातल्या सिस्कियाला पडलं की ग्रीसमधल्या थेस्सलोनिकाला. दीड हजारांहून जास्त वर्षांनी तो चेहरा पहिल्यांदा बघणारे आपण असतो, आणि त्या क्षणाची ओढ काय असते हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच हा छंद सोडा असं कोणी वरच्या पट्टीत सांगायला लागलं की लोक ऐकत नाहीत, आणि त्यांचं तसं चूकही नाही.

पण त्या काडीखालून जे उडून जातं त्याचा हिशेब कोण करतं? आपल्याकडे तांब्याचं भांडं काळवंडलं की चिंच-मीठ घेऊन घासायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि पुष्कळ नवशिके तेच लॉजिक नाण्याला लावतात, चकचकीत निघालं म्हणजे साफ झालं. जमिनीत दीड हजार वर्षं पडलेल्या ब्राँझचं तसं नसतं. वरची हिरवी-तपकिरी पुटं म्हणजे मळ नव्हे, धातूचाच बाहेरचा भाग हळूहळू खनिज झालेला असतो, क्युप्राइट, मॅलाकाइट वगैरे, आणि बऱ्याचदा सम्राटाचं नाक-डोळे-केस हे सगळं त्या खनिजाच्या थरातच टिकून राहिलेलं असतं. लिंबाच्या रसात टाकलं किंवा इलेक्ट्रोलिसिस केलं की तो थर जातो आणि खाली उरतो खड्डे पडलेला गुलाबी चपटा तुकडा. सम्राट डायोक्लेशियनने साधारण २९४ मध्ये चलन सुधारलं तेव्हाच्या तांब्याच्या नाण्यांवर चांदीचा अगदी पातळ मुलामा होता, तोही आम्लात एका बैठकीत निघून जातो, आणि मग ते नाणं त्या काळच्या माणसाच्या हातात कसं दिसत होतं याचा पुरावाच संपला. ऑलिव्ह ऑइलचं लोकांना फार कौतुक, पण तेही किंचित आम्लधर्मी असतं, महिनोन्‌महिने ठेवलं तर तेही पुटाला खातं.

यावर साफसफाईवाल्यांचं उत्तर तयार असतं आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, न पुसता नाणं वाचणार कसं? म्युझियममधले कॉन्झर्व्हेटर पुसतच नाहीत का? आणि ब्राँझ डिसीज लागलेल्या नाण्याचं काय? बरोबर आहे. धातूत क्लोराइड अडकलेलं असलं आणि दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते, ती नाण्याला आतून पोखरते, आणि वेळेवर उपचार केले नाहीत तर नाणं हातात चुरा होऊन येतं. तेव्हा पुसायचंच नाही हा हट्ट वेडेपणाचा. तज्ज्ञाच्या हातात दिलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्येच १९३७-३८ साली पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या घासायच्या कठीण पदार्थाने खरवडली गेली, आणि जगातल्या सर्वांत नामांकित संस्थेत, पगारी माणसांकडून, मोठ्या दात्याच्या हौसेपोटी हे झालं. म्हणजे हौशी माणूस अडाणी आणि संस्था शहाणी ही मांडणी मला मान्य नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. नाणं कुठून निघालं, कशाबरोबर निघालं, किती खोल होतं, हे लिहिलं गेलं, फोटो काढले, वजन झालं, मग सावकाश पुसा. लॉटमध्ये आलेल्या नाण्याच्या बाबतीत यातलं पहिलं पाऊल आधीच कायमचं हुकलेलं असतं, त्यामुळे तिथे कितीही नाजूक हाताने पुसलं तरी फरक पडत नाही.

मातीतून काय कळू शकतं याचं एक ताजं उदाहरण बघा. १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, काही सोन्याची नाणी मिळाली, त्यातल्या काहींवर स्पॉन्सिअन असं नाव, ज्याचा इतिहासात दुसरा कुठलाच उल्लेख नाही. एकोणिसाव्या शतकात तज्ज्ञांनी ती बनावट म्हणून निकालात काढली, आणि त्यातलं एक ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममध्ये पडून राहिलं. २०२२ मध्ये संशोधकांनी ते मायक्रोस्कोपखाली घेतलं तेव्हा त्यांना चलनात फिरून पडतात तसे ओरखडे दिसले आणि त्यांच्यावर घट्ट चिकटलेली जमिनीतली खनिजं दिसली, त्यावरून त्यांनी नाणं खरं असल्याचा दावा केला. अनेक नाणकशास्त्रज्ञांना तो अजूनही पटलेला नाही आणि त्यांचे आक्षेप हलके नाहीत. पण निकाल कोणाच्याही बाजूने लागो, तीनशे वर्षांत कोणी उत्साही माणसाने ते नाणं घासून लख्ख केलं नाही म्हणून हा वाद निदान घालता तरी येतोय.

आता संग्राहकांचा सगळ्यात दमदार युक्तिवाद घेऊ. ते म्हणतात, अहो ही चौथ्या शतकातली चिल्लर लाखांनी सापडते, पडलेल्या घोडेस्वाराला शिपाई भाला मारतोय हे चित्र असलेली नाणी तर इतकी आहेत की कुठलंच म्युझियम फुकट दिली तरी घेणार नाही, मग त्यातली शंभर कोणाच्या टेबलावर गेली तर ज्ञानाचं काय बिघडलं? ऐकायला पटतं. पण हेच नाणं ठिकाणासकट बघितलं की चित्र पालटतं. रिचर्ड रीस या अभ्यासकाने ब्रिटनमधल्या १४० ठिकाणांवरची अशीच सुटी, किरकोळ, कोणाच्या खिशातून पडलेली नाणी काळाप्रमाणे मांडून एकमेकांशी ताडून बघितली, आणि त्यातून शहर, खेडं, लष्करी ठाणं, देऊळ यांचा पैशाशी संबंध कसकसा बदलत गेला याचे आकृतिबंध समोर आले. यातलं एकही नाणं दुर्मिळ असायची गरज नव्हती, फक्त ते कुठलं हे माहीत असायला हवं होतं. दुर्मिळ नाणं ठिकाणाशिवायही थोडंफार बोलतं, त्याच्यावर नवा राजा असतो, नवी टांकसाळ असते. चिल्लर मात्र ठिकाण गेलं की साफ मुकी होते. म्हणजे 'साधी नाणी आहेत, चालतंय' हा युक्तिवाद खरं तर उलटा वाचायला हवा, साध्या नाण्यांनाच ठिकाणाची गरज जास्त.

आणि नाण्यांचा साठा असेल तर ठिकाणच काय, मडक्यातली त्यांची जागासुद्धा बोलते. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या हौशी मेटल डिटेक्टरवाल्याला एक मडकं लागलं. काही नाणी हाताला लागताच त्याने खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं, प्रत्येक थर वेगळ्या पिशव्यांत, एकूण ५२,५०३ नाणी, सुमारे १६० किलो. साठ्यातली सर्वांत उशिराची नाणी होती कारौसियसची, ज्याने २८६ मध्ये ब्रिटनमध्ये बंड करून सत्ता घेतली होती. मडक्यात वर्षानुवर्षं बचत टाकत गेले असते तर ही नाणी सर्वांत वर यायला हवी होती, पण ती निघाली बरीच खाली. म्हणजे सगळं एकाच वेळी ओतलं होतं, आणि ते मडकंही इतकं पातळ की भरल्यावर उचलणं अशक्य, जमिनीत बसवूनच भरलं असणार. हे लुटीच्या भीतीने पुरलेलं धन होतं की गावाने मिळून देवाला वाहिलेलं, हा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला. क्रिस्पने त्या दिवशी फावड्याने सगळं उपसून घरी नेलं असतं आणि बादलीत धुतलं असतं तर? नाणी तीच ५२,५०३ राहिली असती, हा प्रश्न मात्र कोणाच्या डोक्यातही आला नसता.

आपल्या नाशिकजवळचं जोगळटेंभी याच मापाचं उदाहरण आहे, फक्त तिथली नाणी रोमन नाहीत, क्षत्रपांची आहेत. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,२५० च्या वर नाणी, आणि त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो की गौतमीपुत्राने नहपानाचा खखरात वंश निःशेष केला, पण तो त्याच्या आईने कोरवून घेतलेला, त्यात कौतुक असणारच. साठ्याने दाखवलं की जिंकलेल्या राजाची तीनेक नाण्यांतली दोन विजेत्याने आपल्या छापाखाली आणली होती. 'तीनातली दोन' हे कुठल्याही एका नाण्यावर लिहिलेलं नसतं, ते फक्त साठा एकत्र राहिला तरच मोजता येतं. शिवाय नव्या छापाखाली जुन्या चेहऱ्याची पुसट रेघ उरलेली असते, घासून चमकवायला गेलात तर सगळ्यात आधी तीच जाणार.

मग सगळं सरकारजमा करा असं म्हणायचं का? नाही, आणि इथे माझं पुरातत्त्ववाल्यांशी जुळत नाही. इटली, ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरिया या देशांत जमिनीतून निघालेलं सगळं सरकारचं आहे, तरी चोरटं खणणं चालूच आहे, उलट सापडलेलं सांगितलं तर हाती किती लागेल याची खात्री नसते आणि वर चौकशी मागे लागते म्हणून प्रामाणिक शेतकरीही गप्प बसतो. संग्राहकांनी ज्ञानात घातलेली भर विसरणं हा तर कृतघ्नपणा होईल. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की सम्राट ऑगस्टस स्वतः जुन्या राजांची आणि परदेशी नाणी भेट म्हणून द्यायचा. इटालियन कवी पेत्रार्कने १३५४ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची नाणी नजर केली, यांच्यासारखा हो हे सांगायला, म्हणजे युरोपात प्राचीन काळाचं कुतूहल जागं करणाऱ्यांत नाणी जमवणारे होते. आपल्याकडे तमिळनाडूत करूर आणि मदुराईच्या नद्यांच्या वाळूत जी बारीक रोमन तांब्याची नाणी मिळायची, ती जमवून त्यांची नीट नोंद प्रसिद्ध केली आर. कृष्णमूर्ती यांनी, जे दिनमलर या दैनिकाचे संपादक होते, कुठल्या खात्याचे अधिकारी नव्हते. त्यांनी केलं ते नेमकं जे मी मागतोय, नाणं घेतलं पण त्याचं गाव आणि त्याची नदी सोडली नाही.

इंग्लंडने मधला रस्ता काढला आणि तो मला बाकीच्यांपेक्षा बरा वाटतो. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे साठा सापडला तर कळवणं सक्तीचं, म्युझियमला हवा असेल तर बाजारभावाने बक्षीस, आणि ते साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. सुटं नाणं मिळालं तर ते सहसा सरकारजमा होत नाही, ते जमीनमालकाचं किंवा त्याच्याशी ठरलं असेल तसं शोधणाऱ्याचं, पण १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ऐच्छिक नोंदणीची योजना आहे, जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला दाखवायचं, तो फोटो काढतो, वजन करतो, ठिकाण लिहून घेतो आणि वस्तू परत देतो. अशा नोंदवलेल्या वस्तू आता पंधरा लाखांच्या वर गेल्यात. नांगर आणि खतं यांनी शेतातली नाणी तशीही खराब होतात, तेव्हा ती बाहेर काढली तर पुण्यच आहे हा डिटेक्टरवाल्यांचा मुद्दा या व्यवस्थेत खरा ठरतो, कारण बाहेर काढण्याबरोबर लिहिणंही होतं. नोंद नसेल तर तेच काम नांगर करतो तेवढंच नुकसान करतं.

ही व्यवस्था परिपूर्ण नाही. रात्री चोरून शेतात शिरणारे इथेही आहेत. २०१५ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनला एकाला सुमारे दोनशे नाण्यांचा साठा मिळाला, त्याने कळवलं, आणि तो आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. त्याच वर्षी हेरफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ दोघांना तसाच साठा मिळाला, अंदाजे तीनशे नाणी, त्यांनी तो लपवून फोडून विकला, २०१९ मध्ये दोघांना मोठी शिक्षा झाली, पण नाणी थोडीच हाती लागली. दोन्हींत नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या दोन शेजारी राज्यांच्या राजांची, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ यांची नाणी होती, काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले, हे चित्रच मुळात रोमन सुवर्णनाण्यावरून उचललेलं. लिखित इतिहासाने चेओलवुल्फला कोणीतरी मूर्ख हुजऱ्या म्हणून उडवून लावलंय, नाणी मात्र त्याला आल्फ्रेडच्या बरोबरीने बसवतात. ती नाणी पूर्ण मिळाली असती तर ही युती किती वर्षं टिकली हे कदाचित नीट कळलं असतं. कायदा तोच, वर्ष तेच, डिटेक्टरही तसलेच, फरक पडला तो सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात कोण कसं वागलं याने. आणि लपवणाऱ्याला तो धीर कुठून येतो? न विचारता घेणारं गिऱ्हाईक आहे म्हणूनच ना?

'जुन्या संग्रहातून' हे दोन शब्दांचं प्रमाणपत्र बाजारात किती स्वस्त आहे हे तर वरच्या थरातही दिसलंय. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांच्या वर गेलं, नंतर त्याचा सांगितलेला पूर्वेतिहास रचलेला निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. लाखो पौंडांच्या नाण्याच्या कागदपत्रांची ही गत, तर शंभरच्या लॉटमधल्या मातकट चिल्लरीबद्दल विक्रेत्याच्या एका ओळीवर आपण कशाच्या भरवशावर विश्वास ठेवतो?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. लॉट बंद झाले तर गरीब हौशी माणसाने, शाळकरी पोराने काय करायचं? थोड्या पैशांत रोमन नाणं हातात येण्याचा तोच एक मार्ग आहे, छंद श्रीमंतांचा होऊन बसेल. किंमती वाढतील हे खरं आहे, मी ते झाकणार नाही. पण नोंद झालेली साधी ब्राँझची नाणी अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत, शंभर निनावी गोळ्यांच्या पैशांत अशी काही तरी येतीलच, आणि अशा नाण्याबरोबर पोराला एक नोंद क्रमांक मिळतो, तो टाकला की कुठल्या परगण्यात, कुठल्या गावाजवळ, कोणत्या साली ते मिळालं हे समोर येतं. साफ करायचीच हौस असेल तर इथले काही डिटेक्टरवाले आपली नोंदवून झालेली नाणी न पुसता विकतात, ती घ्यावीत, चार प्रश्न विचारून घ्यावीत. आमच्या क्लबमध्ये मी एवढंच सुचवलंय की टेबलावर येणाऱ्या लॉटला ठिकाण नसेल तर त्याला जागाच द्यायची नाही. अजून सगळ्यांना पटलेलं नाही, दोन जुने सभासद तर चांगलेच तापले, पण पुढच्या मीटिंगला हा विषय पुन्हा घेणार आहोत आणि मी तो सोडणार नाहीये.